कागद पक्का, पण मनाचं काय?



आपल्या नंदगडात संगोळ्ळी रायण्णांची समाधी आहे. 26 जानेवारी 1831 रोजी कंपनी सरकारने त्यांना इथंच वडाच्या झाडाला फाशी दिली. तेव्हाच्या कायद्याने ते गुन्हेगार होते. आज त्याच समाधीपुढे आपण हात जोडतो. म्हणजे बघा, कायदा एक सांगत होता आणि धर्म दुसरंच. पुढे 26 जानेवारीलाच, 1950 साली, आपली राज्यघटना लागू झाली. आता कायदा आपला आहे. पण आज कधी कधी कायदा पुढे आणि आपलं मन मागे, असं होतं.

2005 साली कायदा बदलला आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाएवढाच वाटा मिळाला. हा हक्क जन्मापासूनचा आहे, हे 2020 साली सुप्रीम कोर्टानेही सांगितलं. तरी घरोघरी काय चालतं? वडील गेले की बहिणीला बोलावायचं, हक्कसोडीवर सही घ्यायची, आणि साडी-चोळी देऊन ओटी भरायची.

आमच्या घरीही हेच झालं. वन्संनी सही केली, आम्ही पुरणपोळी केली. कागद पक्का झाला, कायद्याने काही चुकलं नाही. पण "तुमची इच्छा काय?" असं कुणी विचारलंच नाही. नाही म्हटलं तर माहेर तुटेल, या भीतीला संमती म्हणायचं का?

परवा जपाला बसलो तर हेच आठवून माळ पुढे सरकेना. मग वन्संना फोन केला आणि विचारलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "वहिनी, पोरीच्या शिक्षणाला पैसे लागतायत. पण भावाकडे मागायचं कसं?" आता घरात बोलणं सुरू आहे. सगळ्यांचं एकमत अजून झालेलं नाही, पण विषय झाकून ठेवलेला नाही.

ज्यांच्या घरी अजून सही व्हायची आहे, त्यांनी आधी बहिणीला एकटीला बसवून विचारावं. तिने आपणहून सोडलं तर तिला नमस्कार करावा. मागितलं तर तिला हावरी म्हणू नये. शिक्षेच्या भीतीने पाळतो तो कायदा. कुणी बघत नसतानाही पाळतो तो धर्म. आपली सेवा घरापासूनच सुरू होऊ दे, हीच गुरुचरणी प्रार्थना.

जय गुरुदेव 🙏