सांडव्यावरची वीट



निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर आपण चालला असाल, तर त्र्यंबकेश्वरापासून सिन्नरच्या पुढपर्यंतचा मुलूख आपल्या पायांना ठाऊक असेल. ब्रह्मगिरीच्या अंगाला पावसाची झड आणि सिन्नरच्या पूर्वेला उघडे माळ. तिकडे पाणी दिसले की पाय आपोआप वळतात. एका वर्षी आमची दिंडी दुपारच्या विसाव्याला एका माळकऱ्याच्या मळ्यात थांबली. त्याने नाल्यावर स्वखर्चाने मातीचा बांध घातला होता, गाभ्यात काळी माती आणि दोन्ही अंगांना मुरूम. मागे तळे. ज्येष्ठात पाणी उतरले होते, तरी पायडलची होडी फिरेल इतके होते. शनिवार-रविवारी नाशिकची मंडळी मुलाबाळांसह येतात, असे तो कौतुकाने सांगत होता.

पिठले-भाकरी झाली आणि मी हात धुवायला बांधाकडे गेलो. तिथे सांडवा पाहिला. त्यावर विटांचे दोन थर चढवले होते, म्हणजे पाणी दिवाळीपर्यंत होडीला पुरेल. विटांवर माशांसाठी जाळी. आणि नाल्याच्या खालच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर, पाच-सात घरांची वस्ती.

मी काही बोललो नाही. ज्याच्या घरची भाकरी नुकतीच खाल्ली, त्याच्या बांधात खोट कशी काढावी? टाळ उचलले आणि चालू लागलो. पण ती वाट भजनात गेली असे म्हटले तर खोटे होईल.

मातीचा बांध पाणी अडवतो, पण अंगावरून वाहू देत नाही. पाणी माथ्यावरून गेले की खालच्या उताराची माती खरवडत येते आणि काही तासांत बांध उरत नाही. म्हणून सांडवा. शब्द पाहा, सांडणे म्हणजे सोडून देणे. जेवढे आपले नाही तेवढे सोडून देण्याची जागा बांधणाऱ्याने आधीच ठेवायची असते. दुसरे भय पाझराचे. पाझर निवळशंख असेल तर फारसे बिघडत नाही. गढूळ आला तर बांध आतून वाहतो आहे असे समजावे. उंदरा-घुशींची बिळे आणि माथ्यावर वाढू दिलेल्या झाडांची मुळे यांतूनच त्याला वाट मिळते.

हे पाहणार कोण? २०२१ चा धरण सुरक्षा कायदा पंधरा मीटरांहून उंच धरणांना लागतो, आणि दहा ते पंधरा मीटरांतल्या काहींना. आमच्या यजमानाचा बांध दोन पुरुष उंचीचाही नव्हता. तिथे कायदा संपतो आणि एकट्या मालकाचे मन उरते.

अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात, असाच एक मातीचा बांध धनिकांच्या एका क्लबकडे होता. मागचे तळे मासेमारीला आणि नौकाविहाराला. गाड्या जाव्यात म्हणून माथा खाली उतरवला. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या. तळाचे पाणी सोडणारे नळ आधीच्या मालकाने काढले होते, ते पुन्हा बसवले नाहीत. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीत जाळ्यांना पालापाचोळा अडकला, पाणी माथ्यावरून गेले, आणि खालच्या जॉन्सटाउन गावासह त्या खोऱ्यातली २,२०९ माणसे गेली. पुढे खटले झाले, पण क्लबला कोणी जबाबदार धरले नाही. ती ‘देवाची करणी’ ठरली.

माउली, मला अडते ते इथे. आपल्या रत्नागिरीत २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे धरण फुटले, तेव्हा खेकड्यांनी बांध पोखरला असे मंत्र्यांनी सांगितले. तिथे देव, इथे खेकडे. विटा रचताना हात आपले असतात; पाणी खाली गेल्यावरच देव कसा आठवतो?

आपण म्हणाल, वारकऱ्याने सगळे पांडुरंगावर सोपवावे. खरे आहे. पण सोपवायचा आपला भार, वस्तीतल्या लेकरांचा जीव नव्हे. तो सोपवायचा अधिकार त्या यजमानाला कोणी दिला? आणि मला तरी गप्प राहायचा कोणी दिला? नाथांनी रामेश्वराला न्यायच्या कावडीतले पाणी तहानेल्या गाढवाला पाजले, हे आपण कीर्तनात ऐकून डोळे पुसतो. त्या कावडीमागे किती चाल होती आणि पाण्याचा धनी नाथच होते, हे मात्र विसरतो. साठवलेले पाणी ज्याचे, त्याच्याकडेच त्या पाण्यासमोर उभा राहिलेला जीव पाहतो. मग तो जीव तहानेला असो की बांधाखाली निजलेला.

आषाढीहून परतल्यावर मी यजमानाला फोन केला. भाकरीचे ऋण आधी सांगितले, मग विटांचे. तो जरा वेळाने म्हणाला, “महाराज, आजवर काही झालं नाही. पांडुरंग आहे की.” मी म्हटले, “आहे. पण विटेवर उभं राहायला त्यानं कुणाच्या सांडव्याची वीट मागितली नव्हती.” तो हसला नाही. पाऊस लागला होता, फोनमध्येही ऐकू येत होता.

चार दिवसांनी त्याचाच फोन आला. जाळी काढली होती. विटांचा एक थरही काढला होता. दुसरा काढला तर होडी भाद्रपदातच टेकते म्हणाला. वस्तीतला एक म्हातारा बांधकामावर गवंडी होता, त्याला पाझर बघायला रोज सकाळी बोलावतो आहे.

दुसऱ्या थराबद्दल मी अजून बोलतो आहे. यंदा दिंडी तिथेच थांबणार आहे.