शंका आणि ऋण

नीतिशास्त्राच्या वर्गांत मी एक प्रश्न नेहमीं विचारतों: एखादें औषध गुणकारी असण्याचा संभव असतां तें निम्म्या रोग्यांना मुद्दाम न देणें न्याय्य होईल काय? विद्यार्थी एकमुखानें ‘नाहीं’ म्हणतात. मग मी त्यांना पुढील हकीगत सांगतों.

१९५९ सालीं अमेरिकेंत रक्ताच्या कर्करोगानें पछाडलेल्या मुलांचा रोग प्रेडनिसोन या औषधानें ओसरे. पण थोड्याच आठवड्यांत तो उलटे. त्या उसंतीच्या काळांत ६-मर्कॅप्टोप्युरीन एकटेंच दिल्यास ती उसंत लांबेल काय, हें ठरविण्यासाठीं रोग्यांच्या जोड्या केल्या. जोडींतील एकाला खरें औषध, दुसऱ्याला दिसण्यांत तशीच निर्गुण गोळी!

प्रथमदर्शनीं हें क्रौर्य वाटतें. तथापि हें औषध म्हणजे एक विषच. निरोगी पेशींनाहि तें मारी. तें आयुष्य वाढवील कीं उरलेले दिवस क्लेशमय करील, हें कोणासहि ठाऊक नव्हतें. अशा वेळीं सरसकट सर्वांना औषध देणें हाहि प्रयोगच होय. मात्र त्यांतून कोणी कांहीं शिकत नाहीं. शिवाय प्रत्येक जोडीचा निकाल कळतांच हिशेब मांडीत, आणि २१ जोड्यांपैकीं १८ जोड्यांत औषधाची सरशी दिसतांच चांचणी थांबविली.

एकेका औषधाचा गुण व दोष असा वेगळा कळला, म्हणूनच पुढें दोनचार वर्षांत बेथेस्डा येथें चार औषधें एकत्र देण्याचें धाडस झालें. आपल्या अंगणांतल्या सदाफुलीपासून निघणारें व्हिन्क्रिस्टीन त्यांतलेंच. एकाच्या तडाख्यांतून सुटलेली रोगट पेशी दुसऱ्याच्या हातीं सांपडावी, हा हेतु. आज संपन्न देशांत या रोगाचीं दहांपैकीं सुमारें नऊ मुलें वांचतात.

पण एवढ्यावरून ती चांचणी न्याय्य ठरत नाहीं. फळ गोड निघालें म्हणून कृत्य शुद्ध होत नसतें. तिचें समर्थन त्या प्रामाणिक शंकेंत होतें. शंका फिटल्यावर एक दिवसहि ती चालविणें पाप झालें असतें.

आणि ज्यांच्या वांट्याला निर्गुण गोळी आली, त्या मुलांचें काय? ऋषिऋण अध्ययनानें फिटतें, असें आपले पूर्वज मानीत. या बालकांचें ऋण केवळ अध्ययनानें फिटणारें नाहीं; त्यांनीं शिकविलेलें पुढच्या मुलापर्यंत पोंचलें पाहिजे. आज आपल्या देशांत जें मूल दारिद्र्यामुळें औषधावांचून राहतें, त्याच्याहि हातीं आपण निर्गुण गोळीच देत असतों. आणि या वेळीं शंकेची सबब आपल्यापाशीं नाहीं.