गाळलेला उजेड

मराठीतले ‘गाळणे’ हे क्रियापद मोठे चमत्कारिक आहे. चहा आपण गाळतो, पाणी गाळतो, तूप कढवले की तेही गाळून बरणीत भरतो. आणि पत्रातली एखादी ओळ, निमंत्रणांच्या यादीतले एखादे नाव, तेही आपण गाळतोच! पहिल्या गाळण्याने वस्तू स्वच्छ होते. दुसऱ्याने ती अपुरी राहते, आणि पुष्कळदा खोटीही होते. एकात उपकार, दुसऱ्यात अपकार. तरी भाषेने दोहोंना शब्द एकच दिला. आपल्या पूर्वजांपाशी शब्दांचा तुटवडा होता, असे तर म्हणवत नाही. मला वाटते, या दोन क्रिया करताना हात सारखाच हलतो, हे त्यांनी नीट पाहिले असावे.

हा विचार मनात घोळू लागला तो एका डबीमुळे. माझा एक जुना विद्यार्थी लग्नाकार्यांची चित्रे घेण्याचा व्यवसाय करतो. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात आता खेड्यातल्या वरातीवरही ड्रोन घिरट्या घालताना दिसतो, तसा तो त्याच्यापाशीही आहे. त्याने नवी घेतलेली एक डबी मला उघडून दाखवली. आत नाण्याएवढ्या पाच-सहा काचा. बहुतेक करड्या, काही फिक्या, काही गडद. कॅमेऱ्याच्या भिंगावर बसवायच्या या गाळण्या, म्हणजे फिल्टर. प्रत्येकीचा उपयोग त्याने हौसेने सांगितला, आणि शेवटी म्हणाला, “पण सर, काच लावून काढलेलं चित्र मंग खरं म्हणावं का खोटं?”

प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे उत्तर द्यायचे तर त्या काचा काय करतात, हे आधी समजून घेतले पाहिजे.

करड्या काचांना एन. डी. म्हणतात. त्या रंगांत भेद न करता उजेड कमी करतात, एवढेच त्यांचे काम. एन. डी. ८ म्हणजे आठवा भाग उजेड आत येतो, एन. डी. ६४ म्हणजे चौसष्टावा. कुणी विचारील, चित्राला उजेडच तर लागतो, मग तो अडवायचा कशाला? त्याचे असे आहे. सेकंदाला २५ चित्रे घ्यायची, तर प्रत्येक चित्राच्या वेळी शटर सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग उघडे असावे, असा चलच्चित्रकारांचा जुना संकेत आहे. तेवढ्या वेळात ढोल वाजवणाऱ्याचा हात किंचित पुसट उमटतो, आणि तो पुसटपणाच आपल्या डोळ्यांना गती म्हणून पटतो. परंतु आपल्याकडच्या भर दुपारच्या उन्हात, कॅमेऱ्याचे तोंड एफ २.८ इतके उघडे आणि संवेदनक्षमता १०० असेल, तर शटर सेकंदाच्या सुमारे ३२००व्या भागातच मिटावे लागते. मग हात प्रत्येक चित्रात थिजल्यासारखा दिसतो आणि सारी वरात तुटक-तुटक चालते. अशा वेळी एन. डी. ६४ लावली की ३२००चे बरोबर ५० होतात. ढग आले तर ८ किंवा १६ पुरते. स्थिर छायाचित्राला बहुधा तीही लागत नाही. स्वस्तातली काच मात्र सगळे रंग सारखे अडवीत नाही. मग नवरीच्या शालूवर नसलेली छटा चढते. गाळणीने पक्षपात करता कामा नये, हा धडा तेथेच मिळतो.

दुसरी काच पोलरायझरची. पाण्यावरून, पानांवरून परतून येणारी चकाकी ती अडवते. अशा परतलेल्या प्रकाशाचा हा विशेष मालुस नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०८ साली हेरला. समोरच्या राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतलेले ऊन तो एका स्फटिकातून पाहत होता. पाण्यावरची चकाकी पुसली की खालचा तळ दिसू लागतो. मात्र पाण्याच्या पातळीशी सुमारे ३७ अंशांच्या कोनातून पाहिले तर हा परिणाम सर्वांत अधिक. अगदी डोक्यावरून सरळ खाली पाहिले तर जवळजवळ नाहीच. आणि ही काच फिरवून नेमकी बसवायची ती जमिनीवरच. यंत्र एकदा उडाले की तिथे हात पोचत नाही. त्याने तोंड वळवले की चकाकी पुन्हा येते. म्हणजे काय गाळायचे हे आधी ठरवावे लागते, आणि ते एकाच दिशेपुरते खरे असते.

इथे मला लोणार आठवते. आमच्याच जिल्ह्यातले हे सरोवर म्हणजे बेसॉल्टच्या खडकावर उल्का आदळून झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर. पाणी खारट आणि अतिशय क्षारयुक्त. २०२० च्या जून महिन्यात ते एकाएकी गुलाबी झाले. टाळेबंदीचे दिवस होते. लोक घरात बसलेले, आणि हातोहाती चित्रे फिरत होती. पुष्कळांनी मान हलवून सांगितले, “छे! रंग चढवला आहे.” त्यांचे तरी काय चुकले? रंग चढवलेली चित्रे ते रोजच पाहत होते. चित्र कितीही निर्मळ काचेतून काढले असते तरी तो संशय फिटणार नव्हता. तो फिटला पाण्याने. पाण्याचे नमुने घेतले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते तपासले. खारटपणा वाढल्याने त्यात हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्म जीव माजले होते, आणि गुलाबी रंग त्यांचा होता. गंमत अशी की नमुन्याचे पाणी स्थिर राहिल्यावर ते जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले. मग सरोवर गुलाबी होते की नव्हते? होते. आणि बाटलीतले पाणी नितळ होते, हेही खरेच.

कुणी म्हणेल, मग काचच नको. जे आहे ते जसेच्या तसे घ्यावे. पण ‘जसेच्या तसे’ असे काही हाती लागत नाही. कॅमेऱ्याच्या आत प्रत्येक सूक्ष्म बिंदूवर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकेक गाळणी कायमचीच बसवलेली असते. बायर नावाच्या गृहस्थांच्या या रचनेला १९७६ साली पेटंट मिळाले. प्रत्येक बिंदूला एकच रंग कळतो. उरलेले दोन शेजाऱ्यांना विचारून अंदाजाने भरले जातात. आपला डोळा तरी कुठे निराळा? वयाबरोबर त्याचे भिंग पिवळसर होते आणि निळा रंग गाळू लागते. मोने या थोर फ्रेंच चित्रकाराच्या मोतीबिंदूवर १९२३ साली शस्त्रक्रिया झाली, तोवर तो ज्या काचेतून जग पाहत होता ती देवानेच बसवलेली होती. गाळणीवाचून पाहणारा मला तरी कुणी ठाऊक नाही.

तेव्हा विद्यार्थ्याला मी म्हटले, काच लावली म्हणून चित्र खोटे होत नाही. आपण दोन गोष्टी पाहाव्यात. जे गाळले ते पाहणाऱ्याला अधिक दिसावे म्हणून, की कमी दिसावे म्हणून? आणि त्याने विचारले तर, ‘मी हे गाळले’ असे आपण सरळ सांगू शकतो का? चकाकी काढून सरोवराचा काठचा गाळ आणि शेवाळ दाखवले, तर ते पाण्यावर उपकारच आहेत. उलट, चकाकी मुद्दाम राखून तेच पाणी चांदीसारखे दाखवले, तर काच न लावताही खोटेपणा झाला. काठावर माजलेली वेडी बाभूळ चौकटीबाहेर ठेवायला तर काचही लागत नाही. मान जराशी वळवली की पुरे.

मी कादंबऱ्या लिहितो आणि शाळेत शिकवतो. दोन्ही धंदे गाळण्याचेच. पण गाळणारे आम्हीच थोडे आहोत? पुण्या-मुंबईला नोकरीला असलेल्या मुलाचा फोन येतो. आई गुडघ्याचे दुखणे गाळते, वडील सोयाबीनचा पडलेला भाव गाळतात, आणि उरते ते “सगळं ठीक आहे.” मुलगाही आपल्या नोकरीची धास्ती गाळून तेच परत पाठवतो. दोन्हीकडे माया आहे. त्याला खोटे म्हणायला जीभ रेटत नाही. पण त्या काचांच्या डबीतला पहिला नियमच इथे विसरला जातो. गडद काच लावायची ती भर दुपारी, उजेड उतू जात असताना. एका घरात राहणाऱ्यांपाशी एकमेकांविषयी तेवढा उजेड असतो. चेहरा दिसतो, पावलांचा आवाज कळतो, ताटात किती टाकले तेही दिसते. तिथे चार गोष्टी गाळल्या तरी चित्र बिघडत नाही, उलट संसार सुरळीत चालतो. दूर गेलेल्याला मात्र आठवड्यातून पाच मिनिटांचा तो फोन, एवढाच उजेड. त्यातला अर्धा आपण अडवला, तर त्याने पाहायचे कशाने? मग एखाद्या दिवशी दवाखान्यातूनच बातमी जाते, आणि तो म्हणतो, “मला कुणी सांगितलंच नाही.” त्याचे ते म्हणणे खरेच असते.

माझा विद्यार्थी सांगत होता, दिवे लागणीच्या सुमाराला तो सगळ्या काचा काढून डबीत ठेवतो. पणत्यांचा उजेड मुळातच थोडका. त्यातले अडवावे असे काही नसते. या दिवाळीत पुष्कळ घरांतून दूर गेलेली मुले चार दिवसांसाठी येतील. फराळ होईल, फटाके वाजतील. रात्री अंगणात पणत्या तेवत असताना आईवडिलांनी आणि मुलांनी एकमेकांना, जे फोनवर गाळले ते सांगावे. गुडघ्याचे सांगावे, भावाचे सांगावे, नोकरीचेही सांगावे. सण त्याने काळवंडणार नाही.