मोजलेला आवाज कोणाचा?

1854 साली पॅरिसमध्ये मान्वेल गार्सिया या गायनगुरूने दंतवैद्याचा लांब दांड्याचा आरसा स्वतःच्या घशात घातला, हातातल्या दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडले आणि आपलेच स्वरतंतू हलताना पाहिले. पुढच्या वर्षी ही हकिकत लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली गेली. हा माणूस डॉक्टर नव्हता, तरी स्वरयंत्र तपासणीचा इतिहास बहुधा त्याच्यापासूनच सांगितला जातो.

आवाज निघतो ती जागा दिसली. पण आवाज तिथेच सुरू होतो का?

भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त वाणीची तीन रूपे मानली: पश्यंती (शब्द आणि अर्थ अजून वेगळे न झालेली), मध्यमा (मनातल्या मनात चालणारी) आणि वैखरी (उच्चारलेली). पुढे काश्मिरी शैवांनी त्यांच्यावर ‘परा’ बसवली. दुसऱ्याच्या कानावर पडते ती फक्त वैखरी, आणि दवाखान्यातली यंत्रे तिच्याच दारात उभी असतात. मेंदूतल्या अमुक भागाला मध्यमा म्हणून मोकळे होण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळलेला बरा.

त्या दारातसुद्धा यंत्राला सगळे दिसते असे नाही. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला शंभराहून अधिक वेळा कंप पावतात, स्त्रीचे दोनशेच्या आसपास. डोळ्याला हे टिपता येत नाही, म्हणून स्ट्रोबोस्कोपीत प्रकाशाची उघडझाप कंपनाच्या वेगाहून किंचित वेगळी ठेवतात. मग पडद्यावर तंतू संथपणे लहरताना दिसतात. ती लहर प्रत्यक्षात कधी घडलेलीच नसते. वेगवेगळ्या कंपनांचे तुकडे जोडून ती उभी राहते. मायावाद्यांनी हे चित्र आनंदाने दृष्टांत म्हणून वापरले असते! गंमत पुढे आहे. आवाज फारच घोगरा, अनियमित झाला की ही जोडणी फसते. कंपनांतली सूक्ष्म अस्थिरता मोजणारे जिटर आणि शिमरचे आकडेही अशा आवाजात भरवशाचे राहत नाहीत. बिघाड जितका मोठा, तितके यंत्र हतबल.

तेव्हा कान लागतो. जपानमध्ये घडलेल्या ‘जीआरबीएएस’ पट्टीत तज्ज्ञ नुसते ऐकून घोगरेपणा, हवा निसटणे, क्षीणता, ताण यांना 0 ते 3 गुण देतो. शिवाय रुग्णालाही विचारावे लागते. 1997 साली आलेल्या ‘व्हॉइस हँडिकॅप इंडेक्स’मध्ये 30 विधाने आहेत; त्यांतून आवाजामुळे जगण्यात काय अडते, हे रुग्ण स्वतः सांगतो. आवाज सारखाच बसला, तरी कीर्तनकाराचे पोट अडते आणि हिशेबनिसाचे काही बिघडत नाही. विकार ठरवायला यंत्र, ऐकणारा आणि बोलणारा असे तिघे लागतात, ही कबुली तत्त्वज्ञानाला खाद्य पुरवणारी आहे.

सगळ्यात अवघड प्रश्न मानसिक कारणाने आवाज जातो तेव्हा पडतो. स्वरतंतू निरोगी, नसा शाबूत, तरी माणूस कुजबुजण्यापलीकडे जात नाही. आणि खोकला मात्र खणखणीत! ‘तुमचा आवाज ठीक आहे’ असे त्याला सांगणे शरीरापुरते खरे आहे. पण बोलू न शकणाऱ्याचा आवाज ठीक कसा? तो ढोंग करतो असे म्हणणे तर साफ चूक. हा त्रास त्याने ठरवून ओढवून घेतलेला नसतो.

‘पाणिनीय शिक्षा’ हा उच्चारशास्त्राचा जुना ग्रंथ ध्वनीचा प्रवास वरून खाली सांगतो: आत्मा बुद्धीच्या साहाय्याने अर्थ जुळवतो, बोलायच्या इच्छेने मनाला जोडतो, मन देहातल्या अग्नीला डिवचते, अग्नी वायूला हलवतो. वाचाउपचारतज्ज्ञ अशा रुग्णाला आधी खोकायला लावतो, मग त्याच खोकल्याला ‘आ’ जोडून लांबवायला सांगतो, त्यातून शब्दाकडे नेतो. म्हणजे तो वायूपासून इच्छेकडे, उलट्या वाटेने निघालेला असतो.