पदराआडची पोर

२५ ऑक्टोबर २०२२. लक्ष्मीपूजनाचा दुसरा दिवस. मावळतीला खंडग्रास सूर्यग्रहण लागलेलं आणि पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवर ऊसतोडीला निघायची बांधाबांध चाललेली. सातवा महिना लागलेल्या सुनेनं गाठोडं आवळताना विळ्यानं सुतळी कापली. सासूनं पाहिलं, पण तेव्हा ती काही बोलली नाही.

लेक जन्मली तीच ओठ आणि टाळू दुभंगलेली. सासूला सुतळी आठवली. "ग्रहणात कापलंस, पोरीला भोवलं." ऊसतोडीच्या तळावर कोपीकोपीतून, मजुरांच्या झोपड्याझोपड्यांतून, ते फिरलं.

पोरीला ओढून पिता येईना. आई दूध पिळून बोंडल्यात काढायची, लेकीला मांडीवर उभट धरायची आणि गालाच्या कडेनं थेंबथेंब सोडायची. नाकातून दूध आलं की थांबायचं, पुसायचं, पुन्हा सुरू. हे कष्ट कुणाच्या लक्षात राहिले नाहीत, सुतळी मात्र राहिली. कोणी बघायला आलं की आई लेकीच्या तोंडावर पदर ओढायची.

गावी परतल्यावर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकानं पोरीला तपासलं. त्या उन्हाळ्यात ओठाची शस्त्रक्रिया झाली, पुढच्या उन्हाळ्यात टाळूची. खर्च काही आला नाही. टाके छान भरून आले.

तरी अंगणवाडीत पोर बोलताना फ्रॉकचा घेर तोंडावर धरायची. सेविकेला कळेना, आता लपवण्यासारखं उरलं काय? मग एके दिवशी तिनं आईला पोरीला न्यायला आलेलं पाहिलं. रस्त्यावर माणूस दिसला, तसा आईचा पदर आपसूक लेकीच्या तोंडावर गेला.

संध्याकाळी सेविका घरी गेली. सासू-सून दोघींना समोर बसवून तिनं विचारलं, "मावशी, गिराण लागलं तवा हिला कितवा महिना होता?"

"सातवा."

"पोटातल्या बाळाचा ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळतो. टाळू तिसरा सरायच्या आत. सातव्यात हिनं काय का कापंना, जुळायचं ते कधीच जुळून गेलेलं असतं."

सासू बोटांवर महिने मोजत राहिली. सून तिथंच हुंदके देऊन रडली. इतकी वर्षं तिनं स्वतःलाच गुन्हेगार मानलं होतं. सासूला दुष्ट म्हणायला माझं मन धजत नाही. तिलाही तिच्या सासूनं हेच सांगितलेलं. दुभंगलेल्या ओठाचं नेमकं कारण पुष्कळदा डॉक्टरांनाही सापडत नाही, आणि कारण सापडलं नाही की घरात बोट आईकडेच वळतं.

नवरात्रात सासू, सून आणि पोर तिघी मोहटादेवीच्या गडावर गेल्या. रांगेत एका नात्यातल्या बाईनं पोरीची हनुवटी धरून विचारलं, "हिच्या ओठाला काय झालं गं?" सुनेचा हात पदराकडे गेला. त्याआधीच सासू बोलली, "जन्मताच जुळला नव्हता. डागदरांनी शिवला. माझ्या सुनेचा त्यात काही दोष नाही. तिनं बोंडल्यानं पाजून जगवलीय पोर."

पोर आजीकडे बघत राहिली. खाली उतरताना तिनं दुकानदाराकडे स्वतः रेवड्या मागितल्या. शब्द थोडे नाकातून आले, पण तोंडावर फ्रॉक नव्हता.

अशा बाळंतिणीला भेटायला जाल तेव्हा ग्रहणाची चौकशी करू नका. बाळाला दूध कसं जातंय ते विचारा, आणि तिनं आज दोन घास खाल्लेत का, तेही.