अर्धा तास

सातारच्या व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करून घेताना माझा फॉर्म भरत होते. किती वर्षं पितो, रोज किती पितो, सकाळी उठल्याउठल्या लागते का. सगळी उत्तरं बायकोनं दिली. हाताची थरथर दिसू नये म्हणून मी टेबलाची कड घट्ट धरून बसलो होतो. शेवटी समुपदेशक ताईंनी मलाच विचारलं, "हवालदारसाहेब, झोप लागते का?" मी म्हणालो, "लागते. पहाटे तीनला पाणी येतं." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि बायकोला जरा बाहेर बसायला सांगितलं.

मी सांगली जिल्ह्यातला, कृष्णाकाठचा. मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झालो, बेळगावला ट्रेनिंग, दोनदा काश्मीर, २०१४ साली हवालदार म्हणून निवृत्त. गोळीबार पाहिला, बरोबरची माणसं गेलेली पाहिली, तरी घरी आलो तेव्हा मी धड होतो असं आजही म्हणेन. दारू होती. कँटीनच्या कार्डावर महिन्याचा कोटा मिळतो, तो पहिल्या आठवड्यात संपायचा, मग गावातली. पण मी मोडलो तो आमच्याच शिवारात, ज्या पाण्यात पोहायला शिकलो त्या पाण्यात.

२०१९ चा ऑगस्ट. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात २००५ चा पूर होता. तेव्हा जोत्याला लागून थांबलं होतं, आताही थांबेल, या हिशेबानं माणसं घरं सोडेनात. आणि जनावरं होती. दावणीची म्हैस सोडून कसं जायचं, हे ज्याच्या दावणीला म्हैस नाही त्याला समजावून सांगता येत नाही. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली, १७ माणसं गेली. आमच्याकडं तर बोटच नव्हती. आम्ही गुऱ्हाळातली काहील पाण्यात सोडली. उसाचा रस आटवायची ती पसरट कढई, चार माणसं बसली की पाचव्याला कलते.

मळ्यातल्या वस्तीवर आप्पा होते, सत्तरी ओलांडलेले. माझ्या काहिलीत एक बाई आणि दोन पोरं आधीच बसलेली. आप्पा गोठ्यात कमरेभर पाण्यात उभे. चार म्हशी, आणि भिजून फुगलेल्या काथ्याच्या दाव्याच्या गाठी काही केल्या सुटत नव्हत्या. मी म्हणालो, "आप्पा, चला." ते म्हणाले, "ह्यास्नी मोकळं करतो. तू पोरं सोडून फिरून ये. इळा हाय का?" वाटेतल्या फांद्या तोडायला मी विळा घेतला होता. तो त्यांच्या हातात दिला.

शाळेपाशी पोचलो. अंग गारठलं होतं. कुणीतरी क्वार्टर पुढं केली. ती मी घेतली आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलो. अर्धा तास. परत गेलो तेव्हा गोठ्याचे पत्रे तेवढे दिसत होते. आप्पा तिसऱ्या दिवशी उसात सापडले.

त्यानंतरची तीन वर्षं मी थोडक्यात सांगतो, कारण ती सगळ्या दारुड्यांची सारखीच असतात. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. २०२० साली मी माळ घातली. आमचे वडील माळकरी होते, गळ्यात तुळशीची माळ आली की दारू-मटण सुटतं ही घरातली रीत. माझी चाळीस दिवस टिकली. एकेचाळिसाव्या दिवशी मी माळ काढून विठोबाच्या फोटोच्या खिळ्याला अडकवली आणि बाहेर पडलो. त्या दिवसापासून आप्पांचा गुन्हेगार होतो तो देवाचाही झालो. माळेनं सुटलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ज्याचं शरीर दारूनं धरलंय आणि ज्याला रोज पहाटे पाणी दिसतंय, त्याला नुसती शपथ घालणं म्हणजे त्याच्या ओझ्यावर आणखी एक धोंडा ठेवणं आहे. घरच्यांनी हे करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

साताऱ्याच्या आधी मी दुसऱ्या एका ठिकाणी राहिलो होतो. तिथं स्वप्नांचं सांगितलं तर म्हणाले, आधी सहा महिने दारू सोडा, मग त्याचं बघू. आता मला कळतं की ते उलटं पडतं. दारू स्वप्नं दाबून धरते. ती थांबली की दाबलेलं सगळं दुप्पट जोरानं वर येतं. मी नवव्या दिवशी पळून आलो आणि एस.टी. स्टँडसमोरच प्यायलो, ते चैनीसाठी नव्हे, झोपेसाठी.

साताऱ्यात दोन्ही एकदम हाती घेतलं. पहिला आठवडा विड्रॉलचा. बी-वनची इंजेक्शनं, थरथर उतरायच्या गोळ्या. शेजारच्या कॉटवरचा माणूस चादरीवर नसलेल्या मुंग्या वेचत होता. रात्री डॉक्टर एक गोळी द्यायचे, ती मूळची रक्तदाबाची, पण स्वप्नांचा जोर कमी करायला देतात. मग ताईंनी मला ती दुपार सांगायला लावली. डोळे मिटून, आत्ता घडतंय अशी. पुन्हा पुन्हा. प्रत्येक वेळी मी विळ्यावरून थेट पत्र्यांवर उडी मारायचो. सहाव्या की सातव्या दिवशी त्या शांतपणे म्हणाल्या, "विळा दिला आणि परत गेलात, याच्या मधे काय झालं?" तोवर अर्धा तास कुणालाच माहीत नव्हता. बायकोलाही नाही.

पहाटे जागं करणाऱ्या या दुखण्याला नाव अलीकडं मिळालं. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली चार्ल्स मायर्स नावाच्या इंग्रज डॉक्टरनं 'शेल शॉक' असा शब्द छापला. आज जे नाव वापरतात ते अमेरिकेतल्या मनोविकारांच्या पुस्तकात आलं १९८० साली. सातारपासून थोड्या अंतरावर अपशिंगे आहे, मिलिटरी अपशिंगे म्हणतात त्याला. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान पडले, त्यांचा स्तंभ तिथं आहे. केंद्रातून सुटल्यावर मी तो बघून आलो. पडलेल्यांची संख्या दगडावर आहे. जे परत आले, त्यांच्यातल्या किती जणांना पहाटे तीनला जाग येत असेल, ती संख्या कुठं असणार? गावानं त्यांना तापट म्हटलं असेल, नाहीतर दारुडा.

आता मुद्द्यावर येतो. केंद्रात पहिल्या दिवसापासून एक वाक्य कानावर पडतं: व्यसन हा आजार आहे, पाप नाही. या वाक्यानं माझा जीव वाचवला. बायकोच्या पाटल्या मोडल्या, पोराच्या फीचे पैसे प्यायलो, हे सगळं मी आजार समजून सहन करू शकलो. पण तो अर्धा तास? तोही आजारच का? व्हरांड्यात बसला होता तो मी होतो की माझा रोग? ग्रुपमधे मी हे विचारलं तेव्हा सगळे प्रेमानं म्हणाले, "तुमची चूक नव्हती, दादा." त्या रात्री मला सगळ्यात वाईट स्वप्न पडलं. चूक माझी नसेल, तर आप्पांना न्यायला कुणी यायचंच नव्हतं, असा त्याचा अर्थ होतो. आणि ते तर माझी वाट बघत उभे होते. माझी जबाबदारी काढून घेतली की आप्पांची वाट बघणंसुद्धा पुसलं जातं. हे मला कबूल नाही.

दारूच्या गुलामीबद्दल मला दोष नको. अर्ध्या तासाबद्दल मात्र तो माझ्याकडंच राहू द्या. फक्त तो घेऊन कसं जगायचं ते शिकवा. ताईंना हे पटलं. त्यांनी अमेरिकेतल्या जोनाथन शे या डॉक्टरांबद्दल सांगितलं. ते व्हिएतनामहून आलेल्या सैनिकांवर उपचार करायचे, आणि भीतीची जखम वेगळी, धर्म मोडला गेल्याची जखम वेगळी, हे त्यांनी ओळखलं होतं. पहिलीला औषध आहे. दुसरीला काय आहे?

सातारा हे डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं गाव. विवेकाचं काम करणाऱ्या या माणसानं इथंच 'परिवर्तन'मधून व्यसनमुक्तीचं कामही उभं केलं. माझ्या खोलीत त्यांच्या विचारांचे एक निवृत्त शिक्षक होते, पक्के नास्तिक. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांमधे आपल्याहून मोठ्या शक्तीवर भार टाकायचा असतो, ते सरांना जमेना. शेवटी सरांनी ग्रुपलाच ती शक्ती मानलं. माझी अडचण वेगळी होती. माझ्याकडं पांडुरंग होता. रोज डोळे मिटून मी त्याच्याकडं क्षमा मागत होतो आणि रोज ती मिळत होती. इतक्या सहज मिळायची म्हणूनच मला ती खरी वाटेना. बुडाले आप्पा, आणि क्षमा पांडुरंगानं करायची? त्याला तो अधिकार कुणी दिला? हे लिहिताना हात कचरतो, पण वडिलांच्या माळेची आण घेऊन सांगतो, मी हे देवाच्या द्वेषानं लिहीत नाही.

केंद्रातल्या कपाटात महाभारत होतं. गावातल्या कीर्तनांत मी नेहमी अर्जुन ऐकत आलो, युद्धाआधी गळून गेलेला. फौजेतही तोच सांगतात: ऊठ आणि लढ. पण माझा माणूस युधिष्ठिर निघाला. त्याचा विषाद युद्धानंतरचा आहे. जिंकलाय, आणि राज्य नको, वनात जातो म्हणतोय. भाऊ समजावतात, व्यास समजावतात, पापं धुणारा अश्वमेध सांगतात. पण यज्ञ पुढं आहे. त्याआधी कृष्ण त्याला शरपंजरी पडलेल्या भीष्मांकडं नेतो. युधिष्ठिर समोर जायला लाजतो, घाबरतो. ज्यांना पाडायचा उपाय त्यानं त्यांनाच विचारून घेतला होता, त्यांच्यापुढं कोणत्या तोंडानं उभं राहायचं? आणि मग पानंच्या पानं तो त्यांच्या पायाशी बसून ऐकतो. राजधर्म, आपद्धर्म, मोक्षधर्म. वर्षानुवर्षं मला वाटायचं की शांतिपर्व म्हणजे नुसता उपदेश. आता वाटतं, तो उपदेश काय होता याच्याइतकंच तो कुणाच्या तोंडून आला यालाही मोल आहे. बाण लागलेल्यानं बाण मारवणाऱ्याला जवळ बसवून बोलणं, हेच तिथलं प्रायश्चित्त आहे. देव तिथं हजर होता, पण त्यानं स्वतः क्षमा केली नाही. त्यानं फक्त वाट दाखवली.

बारा पायऱ्यांतली नववी हीच आहे. ज्यांचं नुकसान केलं त्यांच्याकडं जा, पण गेल्यानं त्यांनाच इजा होणार असेल तर जाऊ नका. या दुसऱ्या अटीवर मी आणि ताई दोन महिने थांबलो. त्या विचारायच्या, "हे तुम्ही आप्पांच्या बायकोसाठी सांगणार की स्वतः हलके होण्यासाठी?" मी प्रत्येक वेळी खरं उत्तर दिलं: दोन्ही. सुट्टी होऊन घरी आल्यावर आधी त्यांच्या भाचीमार्फत विचारून घेतलं. निरोप आला, संध्याकाळी ये, धारेच्या वेळेला.

आप्पांची बायको, आमच्या आक्का, गोठ्यात होत्या. नवे पत्रे, नवी दावण. मी बाहेर उभा राहून सगळं सांगितलं. आप्पा काय म्हणाले, विळा, क्वार्टर, व्हरांडा, अर्धा तास. लवकर गेलो असतो तर ते मिळाले असते की नाही हे मला ठाऊक नाही, हेही सांगितलं. त्या म्हशीची कास धूत होत्या, त्यांचा हात थांबला नाही. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तीन वरसं झाली. माझ्या दारावरनं रोज जात हुतास. सांगाय आला न्हाईस."

मी म्हणालो, "न्हाई आलो, आक्का."

त्या उठल्या. आत गेल्या आणि पिशवीतून दाव्याचे चार तुकडे घेऊन आल्या. काळे पडलेले, चिखल वाळून कडक झालेले. पूर उतरल्यावर गोठ्यात मिळाले होते. चारी एका घावात कापलेले. म्हशी दोन मैलांवर माळावर सापडल्या होत्या, चारी जित्या.

"घरातला इळा मी आदीच सोबत नेलता," त्या म्हणाल्या. "ह्यांनी कापलं कशानं, ह्येच मला कळंना. दातानं तोडलं म्हणावं तर असं न्हाई तुटत." तुकडा त्यांनी माझ्या हातात दिला. "इळा तुजा हुता व्हय."

मी मान हलवली.

त्यांनी क्षमा केली असं मी म्हणत नाही, त्यांनीही म्हटलं नाही. तुकडे परत घेतले, पिशवीत घातले, पिशवी खुंटीला अडकवली. मग बादली मांडीत धरून खाली बसल्या. रेडकू दाव्याला हिसके देत होतं. माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या, "हुबा काय ऱ्हायलास? रेडकू धर जरा."