पाणी निवळेपर्यंत

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचावर आहे आणि मध्ये अख्खा सह्याद्री आहे. मुंबईत 1951 साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाला समुद्र दाराशीच मिळाला. मरीन ड्राइव्हचा रस्ता ओलांडला की पाणी. पुण्यात ज्याला घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची आहे, त्याला आधी समुद्र तयार करावा लागतो. खडकवासल्याहून नळाला आलेलं पाणी आरओमधून काढायचं आणि लिटरमागे 35 ग्रॅमच्या आसपास सागरी क्षार त्यात विरघळवायचे. 40 लिटरच्या छोट्या टाकीला साधारण दीड किलो. स्वयंपाकघरातलं मीठ इथे चालत नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियमही असतं आणि खडकावरच्या बारीकसारीक जिवांना ते सगळं लागतं.

हौसेने टाकी मांडली जाते, दिवा लागतो, वाळूवर खडक रचले जातात. आणि काही दिवसांतच पाणी दुधाळ होतं.

आमच्या सोसायटीतल्या एका शाळकरी मुलीच्या टाकीचं असंच झालं. काचेला नाक लावून पाहिलं तरी मागचा खडक दिसेना. दिव्याचा उजेड पाण्यात वीतभर शिरायचा आणि तिथेच पांढरा होऊन थांबायचा. घरात प्रत्येकाने उपाय सुचवला. आजोबा म्हणाले, तुरटी फिरव. आई म्हणाली, सगळं पाणी ओतून दे आणि खडक नळाखाली खसखसून धू. मुलगी माझ्याकडे आली, "काकू, काय करू?"

आजोबांचा सल्ला काही उगाच आलेला नव्हता. पावसाळ्यात धरणाचं गढूळ पाणी जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीच्याच जोरावर निवळतं. त्याआधीच्या पिढ्या माठाला आतून निवळीची बी घासायच्या. पण तो गढूळपणा मातीचा असतो. मातीचे कण एकमेकांना दूर लोटत पाण्यात तरंगत राहतात. तुरटी त्यांचं हे दूर लोटणं संपवते, ते एकत्र येतात आणि तळाशी बसतात. नव्या टाकीतलं दुधाळ पाणी मातीचं नसतं. ते जिवाणूंचं असतं, जिवंत असतं. उरलेल्या खाण्यातून, खडकावरच्या मेलेल्या शेवाळातून अन्न सुटतं आणि ते खाणारे जिवाणू भराभर वाढतात. त्यात तुरटी टाकली तर सामू खाली येतो, पाण्यात अ‍ॅल्युमिनियम उतरतं आणि ज्या जिवांसाठी टाकी मांडली त्यांनाच त्रास होतो.

आईचा सल्ला त्याहून महागात पडला असता. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते आपल्याला पटकी-हगवणीपासून वाचवतं, म्हणून ते असायलाच हवं. पण खडकाच्या छिद्रांत आणि वाळूत दुसऱ्याच जातीचे जिवाणू सावकाश घर करत असतात. माशाच्या मलमूत्रातला अमोनिया ते आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये बदलतात. त्यांची वस्ती नीट बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. खडक नळाखाली धरला की ती वस्ती धुऊन जाते आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

म्हणून मी तिला एवढंच सांगितलं: खाणं बंद ठेव, पंपाचं तोंड वर करून पृष्ठभाग हलता ठेव आणि थांब. पृष्ठभाग हलता ठेवायला कारण आहे. पाणी दुधाळ करणारे हे वाढलेले जिवाणू पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. टाकीत मासा असेल तर तो वर येऊन तोंड उघडझाप करू लागतो. एकदा त्यांचं खाणं संपलं की ते आपोआप कमी होतात. पुढच्या आठवड्यात तिच्या टाकीतला खडक आधी सावलीसारखा आणि मग स्वच्छ दिसायला लागला. कोणी काही घातलं नव्हतं.

खरी काळजी मला इथून पुढे वाटते. पाणी निवळलं की माणूस निर्धास्त होतो, दुकानात जातो आणि त्याच दिवशी विदूषक माशांची जोडी घेऊन येतो. अमोनियाला रंग नसतो. पाणी आरपार दिसत असतं आणि मासा कोपऱ्यात कल्ले जोरजोरात हलवत उभा असतो. खाऱ्या टाकीचा सामू 8.2 च्या आसपास असतो आणि सामू जितका वर, तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. छोट्या टाकीत तर चुकीला जागाच नसते. पुण्याच्या एप्रिलमध्ये 40 लिटरमधलं दोन लिटर पाणी बघता बघता उडून जातं. मीठ मात्र मागेच राहतं आणि 35 ची क्षारता 37 च्या जवळ जाते. उडालेल्या पाण्याची भर गोड्या पाण्यानेच, म्हणजे आरओच्या साध्या पाण्यानेच घालायची, खाऱ्या नव्हे. हाही बदल डोळ्यांना दिसत नाही.

नितळपणाची ही ओढ आपल्याला कुठून लागते? मला वाटतं, चित्रांतल्या निळ्या समुद्रामुळे. आपला कोकणचा समुद्र तसा क्वचितच असतो. जुलैत रत्नागिरीला किनाऱ्यावर उभं राहिलं तर लाटा तांबूस मातकट दिसतात. नद्यांनी जांभ्याची माती आणलेली असते. याच दिवसांत खालून पोषक पाणी वर येतं, सूक्ष्म वनस्पती फोफावतात आणि माशांच्या पिलांना अन्न मिळतं. यांत्रिक नौकांना तेव्हा मासेमारीची बंदी असते. तोच समुद्र हिवाळ्यात मालवणला इतका निवळतो की सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्याखालची प्रवाळं दिसतात. गढूळ आणि नितळ या दोन्ही अवस्था त्या समुद्राला लागतात. टाकीवाल्याने एवढं मनाशी धरलं तरी त्याची निम्मी घाई कमी होईल.

करण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते सगळं साधं आहे. वाळू टाकीत घालण्याआधी खळखळून धुवावी. क्षार वेगळ्या बादलीत आदल्या दिवशी विरघळवावेत, आणि पाण्यात क्षार घालावेत, क्षारांवर पाणी ओतू नये. नाहीतर कॅल्शियम साखळून पाणी पांढरं होतं आणि ते पुन्हा विरघळत नाही. गाळणीचा कापूस दोन-चार दिवसांनी बदलावा. पाण्याला पिवळसर झाक आली तर सक्रिय कोळशाची पिशवी ठेवावी. प्रोटीन स्किमर असेल तर त्याच्या पेल्यात जमणारा तपकिरी, उग्र वासाचा फेस रोज पाहावा. तो टाकीतून बाहेर पडलेला मळ आहे आणि पाण्याबद्दल तो काचेपेक्षा जास्त सांगतो. आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदललं तरी पुरे.

आणि सजावटीसाठी मालवणहून प्रवाळाचा तुकडा आणायचा मोह कोणी धरू नये. खडक बांधणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती उचलणं गुन्हा आहे, आणि आपल्या किनाऱ्यावर ती आधीच थोडी उरली आहेत. विदूषक मासा टाकीत जन्माला घालून वाढवण्याचं तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केव्हाच बसवलं आहे. तशी टाकीत जन्मलेली पिलं मागून घ्यावीत.

तुमच्या घरी कोणी अशी टाकी मांडणार असेल तर पहिल्या खेपेला दुकानातून मासा आणू नका. क्षार आणा, अमोनिया तपासायचा संच आणा आणि तो संच सलग काही दिवस शून्य दाखवेपर्यंत थांबा.